सरकारी जंगलातलं पाणी आणि मोंटानाचा 2007 चा करार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या पाणीहक्कांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. सरकारी जंगलातल्या पाण्यावर केंद्र सरकार दावा सांगतं, राज्य म्हणतं पाणी आमचं, खालचे शेतकरी म्हणतात आमचा पाट आजोबांच्या आधीपासूनचा, मग हे कोर्टात लढून न दमता मिटतं तरी कसं? मोंटाना राज्याने यूएस फॉरेस्ट सर्व्हिसबरोबर, म्हणजे तिथल्या केंद्राच्या वन खात्याबरोबर, हे 2007 साली करार करून मिटवलं. मला हा करार फार महत्त्वाचा वाटतो. आमचं रान कॅनॉलच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, त्यामुळे पाण्याच्या तारखा आणि पाळ्या यावरून माणसं कशी एकमेकांच्या जिवावर उठतात ते लहानपणापासून बघितलंय. तर जे प्रश्न नेहमी येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितोय, थोडी लांबतील.

जंगल सरकारचं आहे ना, मग त्यातलं पाणी आपोआप सरकारचंच नाही का?

नाही, आणि इथेच पहिली गफलत होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत जमीन एकाची आणि पाणी दुसऱ्याचं असू शकतं. तुमच्या रानातून ओढा वाहतो म्हणून पाणी तुमचं होत नाही. ज्याने आधी पाणी उचललं आणि कामाला लावलं त्याचा हक्क आधी, मग तो दहा मैल खाली का असेना. प्रत्येक हक्काला एक तारीख असते, तिला प्रायॉरिटी डेट म्हणतात. टंचाई आली की 1880 वाल्याला पूर्ण पाणी आणि 1950 वाल्याला शून्य, असंही होऊ शकतं. कपात सगळ्यांना सारखी नसते.

आपल्याकडे धुळे-नाशिक पट्ट्यातल्या फड पद्धतीत पाणी कमी पडलं की त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच कमी करायचे आणि तूट सगळ्यांच्यात वाटली जायची. ती डोक्यात ठेवून मोंटानाकडे बघितलं तर काहीच समजणार नाही. तिथे तारीख म्हणजे सगळं काही.

आता मोंटानात नॅशनल फॉरेस्टची जमीन जवळपास 1 कोटी 70 लाख एकर आहे आणि ती बहुतेक डोंगरमाथ्याची. बर्फ तिथेच साठतं, नद्या तिथेच सुरू होतात. तेव्हा त्या जमिनीचा मालक म्हणून केंद्राने पाण्यावर किती हक्क सांगायचा आणि कुठल्या तारखेचा, यावर खालच्या प्रत्येक शेतकऱ्याचं, प्रत्येक गावाचं भवितव्य अडकलेलं असतं.

'राखीव पाणीहक्क' ही काय भानगड आहे?

याचं मूळही मोंटानातच आहे. मिल्क नदीवर फोर्ट बेलनॅप नावाचं आदिवासींचं रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेली जमीन, आहे. वरच्या बाजूच्या लोकांनी पाणी वळवलं आणि खाली रिझर्व्हेशनला कमी पडलं. केस सुप्रीम कोर्टात गेली, विंटर्स विरुद्ध युनायटेड स्टेट्स, निकाल 1908. कोर्टाने म्हटलं की सरकारने जमीन एखाद्या कामासाठी राखून ठेवली तर त्या कामाला लागणारं पाणीही त्याच दिवशी, न लिहिता, राखलं गेलं असं धरायचं. आणि वापर नंतर सुरू झाला तरी तारीख धरायची ती जमीन राखीव केल्याची.

ही गोष्ट आदिवासींपुरती होती तोवर तिचा पसारा मर्यादित होता. 1963 मध्ये ॲरिझोना विरुद्ध कॅलिफोर्निया या निकालात कोर्टाने हेच तत्त्व केंद्राच्या इतर राखीव जमिनींनाही लावलं, त्यात 'हिला' (Gila) नावाचं एक नॅशनल फॉरेस्टही होतं. 1976 मध्ये नेवाडातल्या डेव्हिल्स होल या कुंडातल्या एका चिमुकल्या माशासाठी शेजारच्या शेतातल्या बोअरचा उपसासुद्धा रोखला गेला. मग पश्चिमेतले शेतकरी घाबरले, आणि त्यांची भीती मला अगदी रास्त वाटते. विचार करा, तुमच्या पणजोबांनी 1910 ला पाट काढला, आज कुणीतरी येऊन सांगतो की वरचं जंगल 1897 सालीच राखीव झालंय, त्यामुळे आमचा हक्क तुमच्या आधीचा, आणि किती पाणी ते अजून मोजलेलं नाही, मोजलं की कळवू. बँक अशा जमिनीवर कर्ज तरी कसं देणार?

मग 1978 साली नेमकं काय झालं? सगळे त्याच निकालाचं नाव घेतात.

कारण त्या निकालाने वन खात्याचे पंख कापले. न्यू मेक्सिकोत रिओ मिंब्रेस नदीच्या पाण्याची वाटणी चालू होती आणि फॉरेस्ट सर्व्हिसने त्याच 'हिला' जंगलासाठी हक्क मागितला, त्यात मासे, वन्यप्राणी, पर्यटन, गुरांचं पाणी, सगळं आलं. सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, थांबा. 1897 च्या ज्या कायद्याखाली ही जंगलं चालतात त्यात हेतू दोनच, पाण्याचा प्रवाह नीट राहावा हा एक आणि लाकडाचा पुरवठा चालू राहावा हा दुसरा. मासे, प्राणी, निसर्गसौंदर्य हे नंतर 1960 च्या कायद्याने आले, ते दुय्यम, त्यांच्यासाठी राखीव हक्क मिळणार नाही. हवं असेल तर बाकीच्यांसारखं राज्याकडे अर्ज करा.

चार न्यायाधीशांच्या वतीने न्यायमूर्ती पॉवेल यांनी वेगळं मत लिहिलं, त्याचा आशय असा की काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जी जंगलं जपायला सांगितली ती काही मुकी निर्जीव जागा नव्हती. मनाने मी त्या चौघांच्या बाजूचा आहे. पण कायदा पाचांचा झाला.

तरी एक फट राहिली. "पाण्याचा प्रवाह नीट राहावा" हा हेतू तर मान्य झालाच होता, मग त्याच्या आधारे खात्याने नवा मुद्दा काढला, की ओढ्याचं पात्र गाळाने भरू नये म्हणून वसंतात बर्फ वितळताना येणारा मोठा लोंढा पात्रात राहू द्यावा लागतो. यावर कोलोरॅडोत 1990 मध्ये प्रचंड मोठा खटला चालला, जलशास्त्रज्ञांच्या साक्षींवर साक्षी झाल्या, आणि 1993 मध्ये कोर्टाने साउथ प्लॅट खोऱ्यातला तो दावा फेटाळला.

केंद्र सरकार राज्याच्या कोर्टात कशाला उभं राहील?

1952 च्या मॅकॅरन अमेंडमेंट या केंद्राच्याच कायद्यामुळे. एखाद्या नदीच्या सगळ्याच हक्कांची एकत्र छाननी राज्य करत असेल तर केंद्रालाही त्यात पक्षकार करता येतं. या छाननीला ॲडज्युडिकेशन म्हणतात आणि मोंटानाने ती अख्ख्या राज्याची हातात घेतली. 1973 आधीचा हक्क असेल तर 30 एप्रिल 1982 च्या आत दावा दाखल करा असं सांगितलं आणि 2 लाखांहून जास्त दावे आले. त्यासाठी 1979 साली स्वतंत्र वॉटर कोर्ट काढलं.

करार करायचा हे कुणी ठरवलं?

त्याच 1979 च्या कायद्याने. विधिमंडळाने एक आयोग नेमला, रिझर्व्ह्ड वॉटर राईट्स कॉम्पॅक्ट कमिशन. याचं काम एकच, आदिवासी आणि केंद्राच्या खात्यांशी बसून त्यांच्या राखीव हक्कांचा आकडा बोलणीतून ठरवायचा. 9 सदस्य. 4 गव्हर्नरचे, 2 सिनेटच्या अध्यक्षांचे, 2 हाऊसच्या सभापतींचे, 1 ॲटर्नी जनरलचा. बोलणी चालू असतील तोपर्यंत त्या दाव्यांची कोर्टातली लढाई थांबवून ठेवायची सोयही कायद्यात होती, आणि माझ्या मते खरी किल्ली तीच. दोन्हीकडचे वकील कोर्टात एकमेकांची उणीदुणी काढत असताना टेबलावर मोकळेपणाने बोलणी होतच नाहीत.

आयोगाची रचना बघा. गव्हर्नर एका पक्षाचा, विधिमंडळ दुसऱ्याचं, तरी दोघांचीही माणसं आत. त्यामुळे करार तयार होऊन विधिमंडळात गेला की "हे आमच्या पाठीमागे केलं" असं म्हणायला जागा फार राहत नाही.

2007 च्या करारात नेमकं दिलं-घेतलं काय?

ढोबळमानाने सांगतो.

वन खात्याला राखीव हक्क मिळाले, पण थोडक्या गोष्टींपुरते. जंगलातली ऑफिसं, रेंजर स्टेशन, कॅम्पग्राउंड अशा खात्याच्या कामकाजाचं पाणी. आणीबाणीत आग विझवायचं पाणी. आणि फ्लॅटहेड नदीच्या साउथ फोर्कमध्ये वाहतं ठेवायचं पाणी, कारण ती नदी 1976 मध्ये काँग्रेसने वाइल्ड अँड सीनिक म्हणून जाहीर केली आहे आणि त्या कायद्याचा हेतूच मुळी नदी वाहती ठेवणं हा आहे, तिथे 1978 चा निकाल आडवा येत नाही.

दुसरा भाग जास्त इंटरेस्टिंग आहे. 77 ओढ्या-नद्यांमध्ये पाणी वाहतं ठेवण्याचा हक्क खात्याला मिळाला, पण तो राखीव हक्क नाही. तो राज्याच्या कायद्याखालचा हक्क आहे आणि त्याची तारीख 2007.

याच्या बदल्यात खात्याने बाकीचे राखीव हक्कांचे दावे कायमचे सोडले. नंतर कधी "अजून एक राहिलाय" म्हणून परत यायचं नाही. पुढे आणखी कुठल्या ओढ्यात पाणी हवं असेल तर राज्याच्याच प्रक्रियेतून जायचं.

म्हणजे 1897 सोडून 2007 घेतली? ही तर सरळ हार झाली.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात आणि माझं उत्तर दर वेळी तेच, की हार नाही झाली, आणि का नाही ते जरा निवांत समजून घ्या.

आधी हे बघा की 1897 ची तारीख खात्याच्या खिशात होती का. नव्हती. दावा होता. 1978 च्या निकालानंतर माशांसाठी तर मिळणारच नव्हती आणि पात्र साफ ठेवण्याच्या मुद्द्यावर 1993 ला कोलोरॅडोत काय झालं ते वर सांगितलंच. शेजारच्या आयडाहोमध्ये तर 1999 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने अभयारण्यासारख्या वाइल्डरनेस जमिनींसाठी राखीव हक्क मान्य केला, त्यावरून राज्यात इतका गदारोळ झाला की तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश 2000 च्या मे महिन्यातल्या निवडणुकीत पडल्या, आणि त्याच वर्षी फेरसुनावणीत निकाल उलटला. एका वर्षात होकाराचा नकार! अशा कोर्टाच्या भरवशावर ओढे ठेवायचे का?

मग राज्याला काय भीती होती? की चुकून खातं जिंकलंच तर हजारो शेतकऱ्यांच्या वरती 1897 किंवा 1905 च्या तारखेचा न मोजलेला हक्क येऊन बसेल. शक्यता कमी पण बसला तर फटका मोठा. म्हणजे एकाला हरण्याची दाट शक्यता, दुसऱ्याला हरलो तर उद्ध्वस्त होण्याची भीती. तडजोड होते ती अशाच जागी.

आणि तारीख सोडून मिळालं काय तर 77 ओढ्यांत पाणी. कोर्टाला हे देताच आलं नसतं, कारण कोर्ट फक्त एवढंच सांगू शकतं की जुना हक्क आहे किंवा नाही. नवीन हक्क तयार करून देणं हे विधिमंडळाचं काम, आणि करार विधिमंडळातून गेला म्हणून ते झालं.

पण कोरड्या वर्षी 2007 वाल्याला विचारतंय कोण? पाणी तर सगळं जुने लोकच घेणार.

घेणार, पण कुठे घेणार ते बघा. जंगल वरती आहे, शेतं खाली दरीत. 1885 चा हक्क असलेला शेतकरी त्याचं पाणी त्याच्या गेटवर घेतो, म्हणजे ते पाणी आधी अख्ख्या जंगलातून वाहत त्याच्यापर्यंत यावं लागतं. त्याचा जुना हक्क जंगलातल्या ओढ्याचा शत्रू तर नाहीच, उलट राखणदार आहे. वरती कुणी नवीन पाणी उचलायला लागलं तर पहिली तक्रार तोच करणार.

धोका येतो तो जंगलाच्या आत किंवा अगदी वर होणाऱ्या नवीन उपशाचा, समजा छोटा जलविद्युत प्रकल्प, स्की रिसॉर्टला कृत्रिम बर्फ, दुसऱ्या खोऱ्यात पाणी वळवणारा बोगदा. हे सगळे 2007 नंतर येणारे, म्हणजे 77 ओढ्यांवरच्या हक्काच्या मागे. त्यांच्यासाठी 2007 ही तारीख पुरेशी जुनी आहे.

जंगल सोडून नदी दरीत उतरली की मात्र खात्याचा हा हक्क तिला वाचवू शकत नाही. ऑगस्टमध्ये खाली पात्र कोरडं पडतं तिथे ते पडतच राहील, त्यासाठी वेगळे उपाय लागतात, जसं की शेतकऱ्याकडून काही महिने पाणी भाड्याने घेऊन नदीत सोडणं. करारावर टीका करणारे हे बोट दाखवतात आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. पण ते काम या कराराकडून अपेक्षितच नव्हतं.

पाणी उचलायचंच नाही आणि तरी हक्क, हे कसं काय?

जुन्या नियमात हे बसायचंच नाही. हक्क हवा तर पाट काढा, पाणी बाहेर काढा, वापरा. नदीत राहिलेलं पाणी म्हणजे कुणाचंच नाही, येईल तो घेईल. मोंटानाने हे थोडं लवकर बदलायला सुरुवात केली, 1969 च्या एका कायद्याने राज्याच्या मत्स्य खात्याला ट्राउट माशांच्या 12 नावाजलेल्या नद्यांमध्ये पाणी राखायचा हक्क दिला, त्यांना आजही मर्फी राईट्स म्हणतात.

असा हक्क क्युसेकमध्ये लिहितात, आपल्याकडे धरणातून विसर्ग सोडल्याच्या बातमीत येतो तोच क्युसेक, 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28.3 लिटर. अमुक टप्प्यात अमुक महिन्यात इतके क्युसेक राहिले पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे कुणासाठी? तिथे बुल ट्राउट नावाचा मासा आहे, त्याला एकदम थंड आणि स्वच्छ पाणी लागतं, 1990 च्या दशकाच्या शेवटी केंद्राने त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. अंडी घालायला तो डोंगरातल्या याच छोट्या ओढ्यांत चढून येतो. पाणी कमी झालं की तापतं आणि तापलं की हा मासा गेला.

जंगलाला आग लागली तर हक्क-बिक्क बघत बसायचं का?

नाही. आणीबाणीत आग विझवायचं पाणी करारातच मान्य आहे. हेलिकॉप्टरची बादली तळ्यात बुडवताना कुणी प्रायॉरिटी डेट विचारत नाही. मोंटाना-आयडाहो सीमेवर ऑगस्ट 1910 मध्ये दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं आणि 85 च्या वर माणसं गेली, बहुतेक आग विझवायला गेलेलीच. ती आठवण तिकडे अजून ताजी आहे, त्यामुळे या कलमावर वाद व्हायला नको हे सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं.

माझा पाट सरकारी जंगलातून येतो. करारामुळे माझ्या हक्कावर गदा?

2007 आधीचा वैध हक्क असेल तर तुम्ही त्या 77 ओढ्यांवरच्या हक्काच्या पुढे आहात. तुमचं पाणी कमी करून ओढ्यात सोडा असं खातं या हक्काच्या जोरावर म्हणू शकत नाही.

पण एक गोष्ट वेगळी ठेवा. पाण्याचा हक्क वेगळा आणि जंगलाच्या जमिनीवरून पाट किंवा पाइप न्यायची परवानगी वेगळी. परवानगी खात्याची, तिच्यात खातं अटी घालू शकतं. यावरूनच पश्चिमेत मोठी भांडणं झाली आहेत. 1990 च्या दशकात कोलोरॅडोत परवान्याचं नूतनीकरण करताना थोडं पाणी ओढ्यात सोडा अशी अट आली तेव्हा शहरं आणि शेतकरी दोन्ही उठले. नंतर स्की रिसॉर्टना सांगण्यात आलं की पाणीहक्क सरकारच्या नावावर करा, ते 2012 मध्ये कोर्टाने रद्द केलं आणि 2015 ला खात्याने ती मागणी स्वतःच सोडली. मला विचाराल तर परवान्याच्या आडून हक्क मिळवण्यापेक्षा समोरासमोर बसून मागणं कितीतरी बरं, माणसांचा विश्वास राहतो. तुमचा पाट जुना असेल तर जमिनीवरच्या वाटेचे कागद आत्ताच शोधून ठेवा, पाण्याचे कागद एकटे पुरत नाहीत.

विधिमंडळाने मंजूर केलं म्हणजे संपलं ना?

नाही. मंजूर झालेला करार राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात गेला, 85-20-1401 या कलमाखाली, पण नंतर वॉटर कोर्टात जावंच लागतं. कारण करार दोघांत झाला आणि परिणाम तिसऱ्यावर होतो. कोर्ट त्या खोऱ्यांतल्या हक्कदारांना नोटीस काढतं, ज्याला वाटतं आपलं नुकसान होतंय तो हरकत घेतो, सुनावणी होते.

इथे कायद्याने एक कडक नियम घातलाय. कोर्ट करारातली वाक्यं बदलू शकत नाही. एक तर जसाच्या तसा मान्य, नाही तर हरकत टिकली तर करार रद्द ठरू शकतो आणि मग केंद्राला परत आपले मूळ दावे दाखल करायची मुदत मिळते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार ताठर वाटलं होतं, नंतर लक्षात आलं की देवाणघेवाणीतला एकच धागा कोर्टाने ओढला तर ज्याने त्या धाग्यासाठी दुसरं काही सोडलंय तो फसतो. या कराराला वॉटर कोर्टाची मंजुरी 2012 मध्ये मिळाली.

आदिवासींच्या हक्कांचं काय? तेही यात बांधले गेले का?

नाही, हा करार फक्त फॉरेस्ट सर्व्हिस आणि राज्य यांच्यातला. आदिवासींचे करार वेगळे झाले. फोर्ट पेकचा पहिला, 1985 ला. फ्लॅटहेड रिझर्व्हेशनच्या सेलिश आणि कूटेनाय लोकांचा सगळ्यात शेवटी, विधिमंडळात 2015 ला आणि काँग्रेसमध्ये 2020 च्या डिसेंबरमध्ये. त्यांचे हक्क 1855 च्या तहापर्यंत आणि त्याच्याही मागे जातात, त्यांची गोष्ट एका प्रश्नात उरकण्यासारखी नाही म्हणून इथे थांबतो.

इतर राज्यांनी असं केलं का?

तुकड्या-तुकड्यांत. कोलोरॅडोत साउथ प्लॅटमध्ये खटला झाला, पण त्याच राज्यात रिओ ग्रांदेच्या वरच्या खोऱ्यात 2000 साली खातं, राज्य आणि पाणी वापरणारे यांच्यात सहमती झाली आणि तिथल्या नॅशनल फॉरेस्टच्या ओढ्यांत पाणी राखण्याचा हक्क खात्याला मिळाला, जुन्या वापरकर्त्यांना धक्का न लावता. एकच राज्य, एकच खातं, एकाच प्रकारचा दावा आणि दोन टोकाचे शेवट.

आयडाहोत वाइल्डरनेसचा हक्क गेला तरी सॅमन, सेलवे, लॉक्सा अशा वाइल्ड अँड सीनिक नद्यांसाठी 2004 ला सहमती झाली. त्यात केंद्राला पाणी मिळालं आणि भविष्यातल्या थोड्या वापरासाठी राज्याला ठरावीक जागा सोडली गेली.

एवढी वर्षं का लागली? 1979 ते 2007 म्हणजे 28 वर्षं!

आयोग त्या काळात रिकामा नव्हता, आदिवासींचे बरेच करार आणि यलोस्टोन, ग्लेशियर अशा नॅशनल पार्कांचे करार आधी झाले. पार्कांचं त्या मानाने सोपं, कारण निसर्ग जसा आहे तसा ठेवणं हाच पार्काचा हेतू. नॅशनल फॉरेस्टमध्ये लाकूडतोड, चराई, खाणी, शिकार, कॅम्पिंग सगळंच चालतं, त्यामुळे "हेतूला किती पाणी लागतं" याचं एक उत्तरच नाही. शिवाय मोजायचं काय, ज्या ओढ्याला नीट रस्तासुद्धा नाही तिथला फेब्रुवारीतला प्रवाह? यासाठी खांद्यावर उपकरणं घेऊन चढणारी माणसं लागतात आणि ओली-कोरडी दोन्ही वर्षं बघावी लागतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात असं काही आहे का?

शब्द सारखा आहे, अर्थ वेगळा. 1927 च्या भारतीय वन कायद्यात जंगल राखीव करायच्या आधी वन जमाबंदी अधिकारी लोकांचे दावे ऐकतो, त्यात वाट, चराई, वनोपज यांच्याबरोबर पाण्याच्या पाटाचाही उल्लेख आहे. कलम 25 खाली तर राखीव जंगलातली वाट किंवा पाट बंद करायचा तर सोयीचा पर्याय आधीच असावा किंवा द्यावा लागतो. म्हणजे आपल्या कायद्यात प्रश्न असा विचारलाय की सरकारच्या जंगलात लोकांचं पाणी कसं सांभाळायचं. ओढ्यात माशांसाठी इतके क्युसेक राहिलेच पाहिजेत असा ओढ्यागणिक, तारखेसकट नोंदवलेला हक्क आपल्याकडच्या पाणीवाटपात नाही. सह्याद्रीतून निघणारे कितीतरी ओढे जंगलातून येतात हे लक्षात घेतलं तर मला ही उणीव फार खटकते.

शेवटी गेट बंद कोण करतो? कागद ठीक आहे, पण ओढ्यावर उभं कोण राहतं?

मोंटानात टंचाईत वाटप नीट होत नसेल तर नदीवरच्या किमान 15 टक्के पाण्याचे हक्कदार मिळून जिल्हा कोर्टाकडे अर्ज करतात आणि कोर्ट वॉटर कमिशनर नेमतं. नाव भारदस्त आहे, पण काम आपल्या पाटकऱ्याचंच. उन्हाळाभर गाडी घेऊन प्रत्येक गेटवर जायचं, पट्टी वाचायची, तारखेनुसार कुणाचं उघडायचं आणि कुणाचं बंद करायचं ते बघायचं, वहीत लिहायचं. त्याचा पगार पाणी घेणारेच देतात.

जंगलातल्या 77 ओढ्यांवर असं कुणी रोज जात नाही, जायची गरजही कमी पडते, कारण वर गेटच फारशी नाहीत. तिथे हक्काचं काम आधीच होतं, ऑफिसात. कुणी नवीन परवान्यासाठी राज्याच्या डीएनआरसी, म्हणजे नैसर्गिक संसाधन खात्याकडे अर्ज केला की पाणी शिल्लक आहे का हे तपासताना त्या ओढ्यावर 2007 चा हक्क नोंदलेला दिसतो, आणि तेवढं पाणी सोडून उरलेल्याचाच विचार करावा लागतो.